ट्रेलरचे दिवे दर उन्हाळ्यात बिघडतात? कन्व्हर्टर बदलण्याआधी अर्थिंग तपासा, तेही दिवे लावून

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. एसयूव्हीचे स्वतःचे दिवे ठणठणीत आहेत. ट्रेलर जोडून दिवसाउजेडी तपासलं तर ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, सगळं जागेवर. संध्याकाळी हेडलाइट लावले, त्यांच्याबरोबर ट्रेलरचे टेल लाइट लागले, की गोंधळ सुरू होतो. ब्रेक दाबला की दिवे उजळण्याऐवजी एकदम मलूल होतात. डावा इंडिकेटर दिला की उजवीकडचा दिवाही त्याच्याबरोबर फडफडतो. एखादा भाग बदलला की दोन-तीन महिने काही तक्रार नसते, आणि मग तेच पुन्हा.

आमच्याकडे हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी जून २०२३ मध्ये आम्ही मिशिगनमधल्या लडिंग्टनहून तंबू, कयाक आणि दोन कुटुंबांचं सामान घेऊन परत येत होतो. मी पुढे, मेहुणा त्याच्या गाडीत मागे. अंधार पडत होता. यूएस-३१ वर मस्केगनच्या अलीकडे त्याचा फोन आला, ‘दाजी, तुम्ही ब्रेक मारताय का डावीकडं वळताय, काय कळंना झालंय.’ पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो, त्याला ट्रेलरच्या मागे हॅझर्ड लावून ठेवलं आणि आय-९६ ने घरी, नोव्हायला, उजव्या लेनमधून सावकाश आलो. मुलं गाडीत झोपलेली होती. मागून वेगात येणाऱ्या माणसाला आपण थांबतोय हे दिसत नसेल तर काय होऊ शकतं याचा विचार तेवढ्या वेळात बराच झाला. त्यानंतर ठरवलं की आता भाग बदलायचे नाहीत, दुखणं शोधायचं.

ते सापडलं. ते एका स्क्रूखाली होतं. पण त्या स्क्रूपर्यंत पोचायला मला वर्षभर का लागलं, ते सांगण्यासारखं आहे, कारण तपासायची जी साधनं आपण सगळे वापरतो त्यांनीच मला चुकीच्या वाटेला लावलं.

आधी जोडणी कशी असते ते थोडक्यात. अमेरिकेत छोट्या ट्रेलरला चार पिनांचा चपटा कनेक्टर येतो. पांढरी वायर म्हणजे अर्थिंग (वीज परत बॅटरीकडे नेणारी वाट), तपकिरी म्हणजे टेल लाइट आणि बाजूचे छोटे दिवे, पिवळी म्हणजे डावा, हिरवी म्हणजे उजवा. ब्रेकसाठी वेगळी वायर नसते. पिवळीवर डावा इंडिकेटरही येतो आणि डावा ब्रेकही, हिरवीवर तसंच उजवीकडचं. इथल्या नियमात मागचा इंडिकेटर लाल चालतो, त्यामुळे ट्रेलरचा एकच लाल दिवा दोन्ही कामं करतो. आपल्या एसयूव्हीत मात्र बहुतेक वेळा ब्रेकचा दिवा लाल आणि इंडिकेटर वेगळा, पिवळा असतो. गाडीतून तीन वेगळे संकेत येतात आणि ट्रेलरला ते दोनच वायरींतून द्यायचे असतात. ही मिसळ करून देणारी छोटी काळी डबी म्हणजे कन्व्हर्टर.

हल्लीच्या गाड्यांना बॅटरीवर चालणाराच कन्व्हर्टर लावावा. तो गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेतो आणि ट्रेलरच्या बल्बना लागणारी वीज थेट बॅटरीतून आणलेल्या वायरीने देतो. गाडीचा कंप्युटर प्रत्येक दिव्याला किती वीज जाते यावर लक्ष ठेवून असतो. त्याच वायरींवर ट्रेलरचे बल्ब लटकवले तर तो कुरकुर करतो, कधी दिवाच बंद करून टाकतो. माझ्याकडे याच प्रकारचा कन्व्हर्टर आहे. टेल लाइटच्या मागच्या प्लगमध्ये मध्येच बसणारा तयार हार्नेस (वायरींचा जुडगा), डिकीच्या डाव्या पॅनेलमागे डबी, बॅटरीपासून मागे १२ गेज जाडीची वायर, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. आणि डबीतून निघालेली पांढरी वायर जवळच्या पत्र्यात एका स्वतःच भोक पाडणाऱ्या स्क्रूने आवळलेली. हार्नेसच्या पाकिटात तोच स्क्रू येतो आणि माहितीपत्रकात तसंच चित्र असतं.

मे २०२१ मध्ये हे सगळं मीच बसवलं. पहिला उन्हाळा उत्तम गेला. मे २०२२ मध्ये हिवाळ्यानंतर पहिल्यांदा ट्रेलर जोडला तर वर लिहिलेली लक्षणं. मी कन्व्हर्टरवर संशय घेतला. चार पिनांचा छोटा टेस्टर लावला, त्याचे चारही दिवे छान लागले. मल्टीमीटर लावला, बारा व्होल्ट आणि थोडे वर. मग ‘कधी चालतो कधी नाही, म्हणजे डबी आतून गेली’ असा निष्कर्ष काढून नवी डबी बसवली. दिवे सुधारले. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. तेव्हा ट्रेलरकडच्या वायरी आणि दोन्ही दिवे बदलले. पुन्हा सुधारले. आणि जून २०२३ मध्ये लडिंग्टनचा प्रसंग.

मेहुणा कोल्हापूरकडचा. त्यांच्या घरी गळिताच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या दारात उभ्या असायच्या. त्या रात्री घरी चहा पिताना तो म्हणाला, ‘ट्रॉलीचं लाइट गेलं की आमचा वायरमन आधी अर्थ बघतोय. अन् बल्ब लावून बघतोय, मीटर नाही.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी बल्ब लावून बघायला बसलो. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ देतो.

बल्ब लावून बघण्यात काय फरक पडतो

वीज बॅटरीतून निघते, बल्बमधून जाते आणि परत बॅटरीच्या निगेटिव्हला येते. जाणारी वाट प्रत्येक दिव्याची वेगळी, पण ट्रेलरमधून येणारी परतीची वाट सगळ्यांची मिळून एकच: पांढरी वायर. म्हणजे जास्तीत जास्त भार याच वायरीवर येतो, आणि हीच वायर आपण एका स्क्रूच्या भरवशावर सोडतो.

आकडे बघा. ट्रेलरला जो नेहमीचा ११५७ नंबरचा बल्ब असतो त्यात दोन तारा असतात. टेल लाइटची बारीक तार सुमारे ०.६ अँपिअर घेते, ब्रेक आणि इंडिकेटरची जाड तार सुमारे २.१. माझ्या ट्रेलरला असे दोन बल्ब आणि बाजूला चार छोटे दिवे. फक्त टेल लाइट लावले तर सव्वादोन-अडीच अँपिअर. वर ब्रेक दाबला तर साडेसहाच्या पुढे. आता समजा त्या स्क्रूखाली गंज धरून अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झाला. अर्धा ओहम म्हणजे किरकोळ वाटतो. पण पाच अँपिअर वीज त्यातून परत यायची म्हटली की अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, बल्बला साडेबाराऐवजी दहाच मिळतात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेज थोडं उतरलं तरी फार झपाट्याने उतरतो. दहा व्होल्टवर तो निम्म्यालाही राहत नाही.

आता टेस्टर काय करतो बघा. त्यातले एलईडी काही मिलिअँपिअरवर पेटतात. एवढ्याशा विजेला अर्धा ओहमच काय, पन्नास ओहमही अडवू शकत नाही, म्हणून टेस्टरचे चारही दिवे लागतात. मीटरचंही तेच. तो तर जवळपास काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे वायरीचा एकच केस शिल्लक असला तरी बारा व्होल्ट दाखवतो. ओहमवर लावून मोजलं तर? मी मोजलं होतं. मीटरने ०.८ दाखवलं. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.३ दाखवत होता, म्हणून ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिलं. तो उरलेला अर्धा ओहमच माझा सगळा आजार होता, आणि मी तो डोळ्यांनी वाचून पुढे गेलो होतो.

दुसऱ्या कोड्याचं उत्तरही इथेच आहे: फक्त रात्रीच का? कारण टेल लाइट बंद असताना एका इंडिकेटरला दोनच अँपिअर लागतात, तेवढ्याने फारसा फरक दिसत नाही. सगळे दिवे एकत्र लागले की परतीच्या वाटेवर गर्दी होते. शिवाय बहुतेक हार्नेसमध्ये कन्व्हर्टरची स्वतःची अर्थिंगही याच पांढऱ्या वायरीवर टेकलेली असते. ही वायर दोन-अडीच व्होल्टने वर उचलली गेली की गाडीकडून आलेला इशारा चालू आहे का बंद, हेच डबीला नीट ओळखता येत नाही. म्हणून डबी वेड्यासारखी वागते आणि दोष तिच्यावर येतो. चांगली डबी मी फेकून दिली, त्याचं हे कारण.

आणि भाग बदलल्यावर दोन महिने चालायचं ते का? नवी डबी लावताना तो स्क्रू मी काढून पुन्हा आवळत होतो. आवळताना आटे घासले जायचे, गंजाचा थर तुटायचा, धातूला धातू लागायचा. ट्रेलरकडची कामं करतानाही हार्नेस ओढला-ताणला जाऊन तेच झालं असणार. काही आठवड्यांत ओल पुन्हा शिरायची.

नेमकी जागा कशी शोधायची

लागतं एवढंच: मीटर, सहा-सात मीटर लांबीची जाडसर वायर दोन्ही टोकांना मगर-क्लिप लावून, आणि कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवायला. माझ्याकडे हे काम थोरल्या मुलीने केलं.

गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला, ट्रेलर जोडलेला. लांब वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा आणि वायर गाडीच्या बाजूने मागे आणा. मीटर डीसी व्होल्टवर. त्याची काळी पिन या लांब वायरीला. चपटा कनेक्टर दोन-एक मिलिमीटर सैल ओढला की पांढऱ्या वायरीची धातूची पिन डोकावते. मीटरची लाल पिन तिला टेकवा. गाडीकडच्या कनेक्टरमध्ये तीन पिना रबरात झाकलेल्या असतात आणि एकच उघडी असते, ती उघडी पिन म्हणजे अर्थिंग. त्यावरून ती ओळखा.

आता दिवे एकेक वाढवत जा. माझ्याकडे सगळं बंद असताना शून्य होतं. टेल लाइट लावले, १.१ व्होल्ट. त्यावर डावा इंडिकेटर, प्रत्येक उघडझापीला १.९ पर्यंत उडी. इंडिकेटर बंद करून ब्रेक, २.६. निरोगी जोडणीत सगळे दिवे लावूनही हा आकडा ०.२ च्या वर जायला नको. भार वाढेल तसा आकडा चढत गेला तर परतीच्या वाटेत अडथळा आहे, यात शंका ठेवायचं कारण नाही.

मग जागा. मीटर बाजूला ठेवा आणि ती लांब वायरच वापरा. सगळे दिवे लावलेले राहू द्या. तिचं मागचं टोक आधी पांढऱ्या पिनला टेकवा. दिवे लगेच भरून आले तर दोष गाडीच्या बाजूला, म्हणजे पिनपासून पत्र्यापर्यंत. फरक पडला नाही तर पुढे जा, ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला टेकवा, रंग खरवडून. इथे सुधारले तर ट्रेलरच्या पांढऱ्या वायरीचा सांगाड्याशी असलेला जोड खराब. इथेही नाही तर त्या एका दिव्याच्या बैठकीला, बोल्टला टेकवा. तिथे सुधारला तर त्या दिव्याचीच अर्थिंग गेली आहे. दहा मिनिटांत निकाल लागतो. लांब वायर चुकून जिवंत पिनला लागू देऊ नका, फ्यूज उडेल.

माझ्याकडे पहिल्याच जागी, पांढऱ्या पिनला वायर टेकवताच चारही बाजू झळाळल्या. मुलगी आतून ओरडली, ‘बाबा, आरशात लाल दिसतंय!’

ट्रेलर घरी नसेल तरी गाडीची बाजू तपासता येते. सॉकेटसह एक ११५७ बल्ब घ्या, तो पिवळी आणि पांढरी पिन यांच्यामध्ये जोडा, इंडिकेटर लावा आणि वरचंच माप घ्या. एका बल्बचा भार कमी असतो, म्हणून इथे ०.१ च्या वरचा आकडाही संशयास्पद धरा. काही जण यासाठी हेडलाइटचा जुना बल्ब वापरतात. तो वापरू नका, एका वाटेवर तेवढा भार अनेक कन्व्हर्टरांना झेपत नाही आणि ते स्वतःला बंद करून घेतात.

स्क्रूखाली काय निघालं

पॅनेल काढलं. वरून स्क्रू चांगला दिसत होता, किंचित मळका. फिरवला तर खडखडत आला आणि आट्यांवरून तपकिरी भुकटी सांडली. त्याचं टोक पत्र्यातून खाली बाहेर निघालेलं होतं, थेट चाकाच्या मागे. म्हणजे हिवाळाभर रस्त्यावरचा मिठाचा चिखल त्या टोकावर उडत होता आणि ओल आट्यांच्या खोबणीतून वर चढत होती. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाड. एवढ्या जाडीत आटे बसून बसणार किती, एक-दीड फेरा. विजेला मिळणारी जागा तेवढीच, कारण वरून गोल टर्मिनल रंगावर टेकलेलं होतं आणि रंगातून वीज जात नाही.

मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना मिठाबद्दल सांगायला नको. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे ३५० मीटर खोल मिठाची खाण आहे, १९१० मध्ये सुरू झालेली, आणि बर्फ वितळवायचं मीठ तिथूनही निघतं. नोव्हेंबर ते मार्च ते आपल्या गाड्यांच्या तळाला चिकटलेलं असतं. ओहायो, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, टोरांटोकडच्या मंडळींचीही हीच कथा. टेक्सास-ॲरिझोनात हा स्क्रू कदाचित दहा वर्षं टिकेल. तिथे दुसरी कारणं बघा, ती पुढे लिहिली आहेत.

दुरुस्ती अशी केली. आधी बॅटरीजवळचा फ्यूज काढला. त्याच पॅनेलमागे गाडी बनवतानाच दिलेला अर्थिंगचा ६ मिलिमीटरचा बोल्ट होता, आतून वेल्ड केलेल्या नटात बसणारा. गाडीच्या स्वतःच्या काळ्या वायरी त्यावर होत्या. असा बोल्ट जवळपास प्रत्येक गाडीत मागच्या कोपऱ्यात कुठेतरी असतो, शोधलात तर सापडेल. तो काढून आजूबाजूचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला. पांढऱ्या वायरीच्या टोकाला नवीन गोल टर्मिनल क्रिंप केलं (दाबून बसवलं), त्यावर आत गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली. टर्मिनल, दातेरी वॉशर, बोल्ट, आणि घट्ट आवळल्यावर वरून ग्रीसचा हात. गाडीच्या आधीच्या वायरी जशा होत्या तशाच त्याखाली परत बसवल्या, त्यातली एकही सैल राहिली तर दुसराच उद्योग उभा राहतो.

जुन्या भोकाचा गंज काढून, जस्ताचा प्रायमर लावून सीलंटने बंद केलं, खालूनही. तुम्हाला नवं भोक पाडावंच लागणार असेल तर आधी गाडीखाली झोपून बघा पलीकडे काय आहे. पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरींचे जुडगे सगळं तिथेच असतं. हायब्रिड असेल तर नारिंगी रंगाच्या जाड केबलच्या आसपासही फिरकू नका, त्यात जीवघेणं व्होल्टेज असतं.

ग्रीसबद्दल एक गैरसमज फार जणांत बघितला. कनेक्टरला लावायचं डायइलेक्ट्रिक ग्रीस वीज वाहून नेत नाही, ते ओल अडवतं. धातू आधी स्वच्छ हवा आणि जोड घट्ट हवा, ग्रीस त्यानंतर. गंजक्या पिनांवर ग्रीस चोपडून काही साधत नाही, गंज आत कोंडला जातो एवढंच.

ट्रेलरकडे

इथेही तोच विचार. स्वस्त ट्रेलरात दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर नसते, बैठकीचा बोल्टच सांगाड्यातून अर्थिंग देतो. सांगाडा रंगवलेला, बोल्ट गंजका. अशा एका दिव्याचीच अर्थिंग तुटली तर लक्षण वेगळं आणि ओळखायला सोपं असतं: टेल लाइट बंद ठेवून उजवा इंडिकेटर द्या, उजवा दिवा नीट न पेटता बाकीचे टेल लाइट मंद उघडझाप करू लागतात. धरणाच्या पाण्याला सांडवा बंद केला की ते जिथून जागा मिळेल तिथून शिरतं, तसंच इथे. जाड तारेतून आलेली वीज परत जायला वाट नाही म्हणून त्याच बल्बच्या बारीक तारेतून उलटी तपकिरी वायरीत शिरते आणि दुसऱ्या दिव्यांच्या अर्थिंगने बाहेर पडते. असं दिसलं की सरळ त्या दिव्यावर जा.

मी दोन्ही दिव्यांना स्वतंत्र पांढरी वायर ओढली, पुढच्या दांड्यावर एकत्र आणली आणि सांगाड्याचा भरवसाच सोडून दिला. वायर बोटींसाठी मिळते ती घेतली. तिच्या तांब्याच्या प्रत्येक केसावर कथलाचा पातळ थर असतो. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई करायचे, ती ज्या कारणासाठी, अगदी त्याच कारणासाठी. साध्या तांब्याच्या वायरीचं आवरण सोललं की मिठाच्या प्रदेशात आत काळी-हिरवी भुकटी निघते, कधी कधी हातभर आतपर्यंत. तशी काळी पडलेली वायर नव्या टर्मिनलात क्रिंप करू नका, लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापत जा.

निळ्या-लाल प्लास्टिकचे चिमट्यासारखे जोड मिळतात, वायर न कापता वरून दाबले की आतलं पातं वायरीत घुसतं. ते घाईच्या वेळी सोयीचे खरे, पण पातं घुसलेल्या जागी आवरण उघडं राहतं आणि वायरीचे काही केस तुटतात. ट्रेलरवर ते मी एकही ठेवला नाही.

ट्रेलरच्या टोकाचा कपलर आणि तो ज्यावर बसतो तो गाडीमागच्या हिचचा गोळा यांच्यातून अर्थिंग मिळते असं समजून पांढरी वायर सोडून देणारे लोक आहेत. गोळ्याला ग्रीस लावलेलं असतं, तो रस्त्यावर सतत उसळत असतो. दिवे अधूनमधून लागतील, आणि ‘अधूनमधून’ हीच तर आपली तक्रार आहे.

अर्थिंग चांगली निघाली तर

वरच्या मापात आकडा ०.२ च्या आत राहिला आणि तरीही त्रास असेल तर माझ्या अनुभवाप्रमाणे पुढचा संशय वायर चिमटण्यावर घ्या. अनेक एसयूव्हींत चपटा कनेक्टर डिकीत गुंडाळून ठेवतात आणि लागेल तेव्हा मागच्या दाराखालून बाहेर काढतात. दार दरवेळी त्याच जागी त्यावर बंद होतं. आवरण चिरतं, तपकिरी किंवा हिरवी वायर पत्र्याला लागते, आणि कन्व्हर्टर जळायला नको म्हणून ती बाजू बंद करतो. फ्यूज काढून थोड्या वेळाने परत लावला की बरेचसे कन्व्हर्टर पुन्हा जागे होतात, म्हणून हेही ‘आपोआप बरं झालं’ असं वाटतं. रबरी पट्टीच्या खालच्या कोपऱ्यातून, जिथे दाब सर्वांत कमी, तिथून वायर काढा, किंवा एकदाच कायमची खाली उतरवून हिचजवळ बसवा.

बोटीचा ट्रेलर असेल तर उतारावर पाण्यात नेण्याआधी कनेक्टर काढायची सवय लावा. तापलेला बल्ब थंड पाण्यात गेला की फुटतो, आणि सॉकेटमध्ये पाणी राहिलं की गंजायला आठवडा पुरतो.

ट्रेलरला एलईडी दिवे लावले तर वीज फार कमी लागते आणि अर्थिंगचा दोष दडून राहतो, जात नाही. ज्या गाड्यांत टोइंगची व्यवस्था कारखान्यातूनच येते त्यांतल्या काहींना एवढा कमी भार दिसत नाही, ट्रेलर जोडलेलाच नाही असं त्या समजतात. त्यावर गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा.

सात पिनांचा गोल कनेक्टर असला तरी दिव्यांची गोष्ट हीच. त्यात इलेक्ट्रिक ब्रेकची निळी वायर, बॅटरी चार्जिंगची वायर आणि मधली रिव्हर्सची पिन जास्त असते. फरक एवढाच की तिथे ब्रेकची वीजही याच पांढऱ्या वायरीने परत येते. अर्थिंग खराब असेल तर ट्रेलरचे ब्रेकही अर्धवट लागतात. तो त्रास घेऊन रस्त्यावर जाऊ नका.

दुरुस्तीनंतर त्याच दिवशी तेच माप पुन्हा घेतलं. टेल लाइट, डावा इंडिकेटर, ब्रेक, सगळं लावून ०.०९ व्होल्ट. तो आकडा आणि तारीख पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवली. त्यानंतर एक हिवाळा गेला. एप्रिलमध्ये पहिल्यांदा ट्रेलर जोडला तेव्हा मुलीने न सांगता ब्रेकवर पाय ठेवला. मीटरवर ०.१० आलं, ते खालच्या ओळीत लिहिलं.